हाय फॅट डाएटचा प्रयोग: आधी उंदराचा भाऊ शोधा

“मॅडम, नॉकआउट उंदरं जाड होईनात की!”

सोमवार, सकाळचे सव्वानऊ. आमच्या प्राणीघरात वजनं घ्यायचा वार. निपाणीकडची विद्यार्थिनी वही छातीशी धरून दारातच उभी होती. आठ आठवडे चरबीचं फीड घालून झालं तरी तिचे उंदीर ३१ ग्रॅमच्या पुढं सरकत नव्हते. नॉकआउट म्हणजे एखादं जनुक मुद्दाम काढून टाकलेला उंदीर. जनुक काढून टाकल्यामुळं उंदीर लठ्ठपणातून वाचला, असं तिला वाटत होतं.

मी विचारलं, “कुणाच्या मानानं जाड होईनात?”

“कंट्रोलच्या, मॅडम. ते ४० वर गेलेत.”

“आणि कंट्रोल कुठले गे?”

“विकत आणलेले. आपल्याकडं पुरेसे नव्हते म्हणून.”

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले, जनुक शाबूत असलेले उंदीर. इथं दोन्ही गटांचे आईबाप वेगळे, वाढलेली खोली वेगळी, प्यायलेलं दूध वेगळं, पोटातले जंतूसुद्धा वेगळे. आता ९ ग्रॅमच्या फरकातला जनुकाचा वाटा किती, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. ती रडायला लागली. मी तिला चहा दिला आणि माझी स्वतःची गोष्ट सांगितली, ती पुढं येईलच. तिला त्या दिवशी आणि नंतर जे जे सांगत गेले ते इथं लिहून काढते आहे.

मी बेळगावात फार्मकॉलॉजी शिकवते. माहेर खानापूर तालुक्यातलं, दहावीपर्यंत मराठी शाळा. नंतर सहा वर्षं बंगळूरला उंदरांच्या प्रयोगशाळेत काढली. आमच्याकडं येणारी मुलं खानापूर, निपाणी, चिकोडीची. निम्मी मराठी शाळेतली, निम्मी कन्नड. इंग्रजी पेपर समोर आला की शब्दांशी झटापट करण्यात जीव जातो आणि मुद्दा हातातून निसटतो. म्हणून प्राणीघरात बोलते त्याच भाषेत लिहिते.

या विषयात मी का पडले, तेही सांगते. आमचे आप्पा शिडशिडीत, शेतात राबलेले, तरी पंचेचाळिशीत साखर निघाली. धाकटे काका चांगले आडवे, जेवणात तुपाची वाटी वेगळी, आणि सत्तरी उलटली तरी साखर नाही. घर एक, चूल एक. असं का होतं, हे माणसात उलगडणं फार अवघड, कारण माणसाला पिंजऱ्यात ठेवून सोळा आठवडे मोजून खायला घालता येत नाही. उंदराला घालता येतं. म्हणून तर ते नीट करायचं.

बदल कुठल्या जातीचा?

प्रयोग लावण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहा: या जनुकाचा परिणाम साध्या खाण्यावरही दिसतो, की चरबी घातल्यावरच?

काही बदलांना खाणं कुठलं याच्याशी देणंघेणं नसतं. १९४९ साली अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन लॅबोरेटरीत काही पिल्लं साध्या फीडवरच भरमसाट फुगताना दिसली. त्या बदलाला ‘ओबी’ नाव पडलं. १९६६ मध्ये तिथंच तसाच दुसरा उंदीर सापडला, ‘डीबी’. दोन्ही जाड, दोन्ही अधाशी. डग्लस कोलमन यांनी मग दोन-दोन उंदीर शस्त्रक्रियेनं एकमेकांना जोडले, रक्त एकातून दुसऱ्यात खेळेल असे. डीबी आणि साधा उंदीर जोडला तर साध्यानं खाणं टाकलं आणि तो उपाशी मेला. डीबी आणि ओबी जोडला तर ओबी उपाशी मेला. ओबी साध्याला जोडला तर ओबीचं खाणं कमी झालं. कोलमन यांनी यातून ताडलं की ओबीच्या रक्तात ‘पोट भरलं’ सांगणारा पदार्थच नाही, आणि डीबीत तो भरपूर आहे पण ऐकणारा कान नाही. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं १९९४ मध्ये ते जनुक शोधलं आणि त्या पदार्थाला लेप्टिन नाव मिळालं. कान म्हणजे लेप्टिनचा रिसेप्टर, तोच डीबीत बिघडलेला. जनुकाचं रसायन हाताशी नसताना नुसत्या नीट लावलेल्या जोड्यांवरून एवढं कळलं होतं. मी हे दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी माझा आवाज जरा बदलतो.

असे उंदीर साध्या चाऊवरही, म्हणजे रोजच्या धान्याच्या फीडवरही, लठ्ठ होतात. त्यांना ६० टक्के चरबी घालून ‘जनुक आणि आहार यांचा संबंध’ शोधायला निघालात तर फार काही हाती लागत नाही.

दुसरे बदल दबा धरून बसतात. साध्या खाण्यावर दोन भावांत फारसा फरक दिसत नाही, चरबी पोटात गेली की वाटा फुटतात. पीटीपी१बी नावाचं एन्झाइम इन्सुलिनच्या निरोपाला मध्येच ब्रेक लावतं. ते जनुक काढलेले उंदीर चरबीच्या खाण्यावरही बारीक राहतात आणि इन्सुलिनला चांगले ऐकतात, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. डीगॅट१ हे एन्झाइम चरबीचा रेणू बांधायच्या शेवटच्या पायरीवर असतं. ते नसलेले उंदीरही चरबीच्या आहारावर लठ्ठ होत नाहीत. हे २००० सालचं काम. आपला खरा विषय या जातीच्या जनुकांचा.

तिसरी जात खोलीच्या हवेवर अवलंबून असते. ती खाली वेगळी घेते, कारण आमच्याकडं वीज जाते.

भाऊ कसा मिळवायचा

माझी गोष्ट इथली. बंगळूरला असताना मला एक नॉकआउट उंदीर अभ्यासायला दिला होता. जोडीला ‘ब्लॅक सिक्स’ वाणाचे कंट्रोल विकत आणले. दोन्ही काळे, दोन्हींच्या कार्डावर वाणाचं पूर्ण नाव सी५७बीएल/६ लिहिलेलं. बारा आठवडे चरबी घातली, ग्लुकोज टोचून साखर पाहिली. माझे नॉकआउट कंट्रोलपेक्षा झपाट्यानं साखर उतरवत होते. मला वाटलं, हे जनुक इन्सुलिन अडवतं. सेमिनारमध्ये एका ज्येष्ठ बाईंनी एकच प्रश्न विचारला, “जे की एन?”

मला उत्तर येत नव्हतं.

ब्लॅक सिक्स उंदरांची एक फांदी १९५१ मध्ये जॅक्सनमधून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेली. तिच्या नावात ‘एन’ लागतो. जॅक्सनमध्ये राहिलेल्या फांदीला ‘जे’. पुढं जे फांदीत आपोआपच एनएनटी नावाच्या जनुकाचा मोठा तुकडा गळून पडला. हे जनुक मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागातल्या कामाचं. ते नसलं की स्वादुपिंडाच्या बीटा पेशी ग्लुकोज पाहूनही इन्सुलिन कमी सोडतात. माझे नॉकआउट एन फांदीवर बनवलेले होते, कंट्रोल जे. मी चौदा महिने ज्याचा अभ्यास केला तो फरक माझ्या जनुकाचा नव्हताच. नंतर एनएनटीचा पीसीआर (डीएनएचा हवा तो तुकडा वाढवून पाहायची चाचणी) लावला, जेलवर पट्टे स्पष्ट वेगळे आले. तो फोटो अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

म्हणून कंट्रोल विकत आणायचा नाही. तो त्याच आईच्या पोटी, त्याच दिवशी जन्मलेला असला पाहिजे. इंग्रजीत लिटरमेट म्हणतात, आम्ही प्राणीघरात सरळ ‘भाऊ’ म्हणतो.

भाऊ मिळवायचा रस्ता हेटेरोझायगस जोडप्यातून जातो. नर आणि मादी दोघांकडं जनुकाची एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत असते. पिल्लांत सरासरी चारातलं एक पूर्ण नॉकआउट, एक पूर्ण साधं, दोन मधली. आता हिशेब करा. तुम्हाला १० नॉकआउट नर हवेत. पिल्लांतले निम्मे नर, त्यातले पाव नॉकआउट, म्हणजे आठ पिल्लांमागं एक. १० साठी ८० पिल्लं. एका वेताला सहा धरली तर तेरा-चौदा वेतं. गर्भ १९ ते २१ दिवस, दूध तोडायला २१ दिवस, वर सहा-आठ आठवड्यांचं वय होईपर्यंत थांबणं. अर्ज लिहितानाच हे वेळापत्रक मांडा. विद्यार्थी इथंच घायकुतीला येतात आणि कंट्रोल विकत आणतात.

दूध तोडताना कानाला छोटं छिद्र पाडून तो तुकडा पीसीआरला द्या. छिद्राच्या जागेवरूनच नंबरही ठरवता येतो.

उंदीर मूळ दुसऱ्या वाणावर बनवलेला असेल तर ब्लॅक सिक्सशी दहा पिढ्या परतून संकर करायची रीत आहे. दर पिढीला परका वाटा निम्मा होतो, दहाव्या पिढीत साधारण ०.१ टक्का उरतो. तरी बिघडलेल्या जनुकाच्या शेजारचा तुकडा त्याला चिकटून राहतोच, हे विसरू नका. आणि वाण बदलला की तोच बदल वेगळा बोलतो. डीबीचंच पाहा. ब्लॅक सिक्सवर तो उंदीर जाड होतो, पण स्वादुपिंड जास्त इन्सुलिन काढून साखर बरीचशी सांभाळतं. सी५७बीएलकेएस या चुलत वाणावर त्याच बदलानं बीटा पेशी थकून मरतात आणि भयंकर मधुमेह होतो. बदल अक्षरशः तोच. आप्पा आणि काका मला नेहमी इथं आठवतात.

क्री-लॉक्स ही जनुक ठरावीक पेशींतच काढायची पद्धत: लॉक्स म्हणजे जनुकाच्या दोन बाजूंच्या खुणा, क्री म्हणजे त्या खुणांवर कापणारी कात्री. ती वापरत असाल तर फक्त लॉक्स असलेला भाऊ आणि फक्त क्री असलेला भाऊ, दोन्ही ठेवा. नेस्टिन-क्रीसारख्या काही ओळींत क्रीचाच उंदराच्या वाढीवर परिणाम होतो.

फीड: टक्के कशाचे?

‘६० टक्के फॅट’ हे वजनाचे टक्के नव्हेत, कॅलरीचे. नेहमी वापरतात त्या फीडच्या १०० ग्रॅममध्ये चरबी सुमारे ३५ ग्रॅम, प्रथिनं २६, कर्बोदकं २६. चरबीच्या ग्रॅमला ९ कॅलरी, बाकी दोघांना ४. म्हणजे ३१५, १०४ आणि १०४. एकूण ५२३, त्यातले ३१५ म्हणजे ६० टक्के. हा हिशेब प्रत्येकानं एकदा स्वतःच्या हातानं करावा.

कंट्रोल फीड म्हणून साधा चाऊ घालू नका. चाऊ धान्याचा, त्यात तंतू भरपूर, सोयाबीनमधले इस्ट्रोजेनसारखे पदार्थ असू शकतात, आणि पोत्यागणिक घटक हलतात. चरबीचं फीड मात्र केसिन (दुधातलं प्रथिन), स्टार्च, साखर, डुकराची चरबी आणि सोयाबीन तेल मोजून बनवलेलं. दोघांची तुलना केली तर चरबीबरोबर तंतू, साखर सगळंच बदललेलं असतं. त्याच कारखान्यातलं, त्याच घटकांचं १० टक्के चरबीचं जोडफीड मागवा, आणि दोन्हींत साखर सारखी आहे ना, ते पत्रकावर बघून घ्या. महाग पडतं, मला ठाऊक आहे. उंदीर कमी करा, पण जोडफीड सोडू नका.

पैशाअभावी आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत चाऊ कुटून त्यात डालडा आणि खोबरेल कालवतात. खडेबाजारातून डबा आणला की झालं. मी याला सरसकट नाही म्हणत नाही, पण काय करतोय ते कळून करा. समजा, १०० ग्रॅम चाऊत २० ग्रॅम प्रथिनं आहेत आणि ३४० कॅलरी. म्हणजे प्रथिनांच्या ८०, जवळजवळ २४ टक्के. त्यात ५० ग्रॅम डालडा घातला, ४५० कॅलरी वाढल्या. एकूण ७९०, प्रथिनं तेवढीच, आता १० टक्के. उंदीर कॅलरी पाहून जेवतो. पोट भरेपर्यंत खाल्लं तरी प्रथिनं निम्म्यावर, जीवनसत्त्वं आणि क्षारही तसेच. वजन वाढलं नाही तर ते जनुकामुळं की प्रथिनं तुटल्यामुळं? कालवायचंच असेल तर केसिन आणि जीवनसत्त्वांचं मिश्रण त्याच प्रमाणात वाढवा, आणि ग्रॅमचा ग्रॅम पेपरात लिहा.

साठवणीचं सांगते, कारण आमच्या पावसाला तोड नाही. जून ते सप्टेंबर खानापूरच्या बाजूला भिंती रडतात, बेळगावातही कपडे वाळत नाहीत. चरबीचं फीड हवा, उजेड आणि उबेनं खवट होतं. खवट फीड उंदीर कमी खातो, आणि त्यातल्या ऑक्सिडाइज झालेल्या चरबीचा स्वतःचा परिणाम असतो. आल्या आल्या आठवड्याच्या पुड्या बांधा आणि फ्रीझरमध्ये टाका. पिंजऱ्यातलं फीड आठवड्यात दोनदा बदला, उरलेलं मोजून टाकून द्या. वास घ्या. नाक हे चांगलं यंत्र आहे. जुन्या दाण्याचा वास आला की पुडी बाद.

हे फीड मऊ असतं, पेढ्यासारखं दाबलं जातं. उंदीर ते कुरतडतात कमी आणि भुश्यात सांडतात जास्त. जाळीतलं वजन घटलं म्हणजे खाल्लं, असं धरू नका. आम्ही वापरलेलं फीड निळ्या रंगाचं होतं, म्हणून सांडलेला चुरा दिसायचा. पिंजरा बदलताना प्राणीघरातले मामा चाळणीनं भुसा चाळून निळा चुरा वेगळ्या बशीत काढून द्यायचे. एका पिंजऱ्यात आठवड्याला ११ ग्रॅम निघाला. चार उंदीर होते, म्हणजे दर उंदरामागं रोज ०.४ ग्रॅम, जे त्यांनी खाल्लंच नव्हतं.

०.४ ग्रॅम किरकोळ वाटतं? ०.१ ग्रॅमचाच हिशेब घ्या. ग्रॅमला सव्वापाच कॅलरी, म्हणजे रोज अर्धी. ८४ दिवसांत ४४. चरबीच्या ग्रॅममागं ९ धरल्या तर जवळजवळ ५ ग्रॅम चरबी अंगावर चढू शकते. आपला तराजू आणि सांडलेला चुरा मिळून यापेक्षा मोठी चूक करतात. म्हणून “खाणं सारखंच होतं, तरी जाड झाले, म्हणजे ऊर्जा कमी जाळतात” असं वाक्य वाचलं की मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करते.

खोलीची हवा

उंदराला स्वतःला ऊब देण्यासाठी जादा ऊर्जा जाळावी लागत नाही असं तापमान २९-३० अंश. आपण प्राणीघर २२ वर ठेवतो, कारण अंगात कोट घालून काम करणाऱ्या माणसांना ते बरं वाटतं. म्हणजे आपले उंदीर सतत थोडे कुडकुडत असतात आणि खाल्लेल्यातला मोठा भाग ऊब निर्माण करण्यात घालवतात.

यूसीपी१ हे प्रथिन तपकिरी चरबीत बसून चरबी जाळून थेट ऊब देतं. ते नसेल तर उंदीर लठ्ठ होईल, असं सगळ्यांना वाटायचं. १९९७ मध्ये तसा नॉकआउट बनला. तो थंडी सोसू शकला नाही, पण लठ्ठही झाला नाही. बारा वर्षं हे कोडं राहिलं. २००९ मध्ये तेच उंदीर ३० अंशात ठेवले आणि ते लठ्ठ झाले. थंड खोलीत त्यांना ऊब राखायला दुसरे, महागडे रस्ते वापरावे लागत होते, त्यात कॅलरी जळून जात होत्या. खोली बदलली आणि त्याच जनुकाचं उत्तर बदललं.

एका एप्रिलमध्ये आमच्याकडं एसी बंद पडला आणि दुरुस्तीला नऊ दिवस लागले. दुपारी खोली २९ ला टेकायची. सगळ्याच पिंजऱ्यांतलं खाणं उतरलं. वजनांचा आलेख त्या आठवड्यात वाकला आहे, आणि तो वाकच मी मुलांना दाखवते. तेव्हापासून दर पिंजऱ्याच्या रांगेशी किमान-कमाल थर्मामीटर टांगलेला असतो आणि रोजचे आकडे वजनांच्याच वहीत जातात. वरच्या फळीवर उबारा जास्त. एक गट वर आणि एक खाली असं कधी ठेवू नका, दर आठवड्याला जागा फिरवा.

पिंजऱ्यात किती उंदीर, हेही हवेइतकंच महत्त्वाचं. एकटा उंदीर कुशीत शिरायला कुणी नसल्यानं जास्त जाळतो. आणि उंदीर एकमेकांची लेंडी खातात, त्यामुळं एका पिंजऱ्यातल्यांच्या पोटातले जंतू सारखे होत जातात. शक्यतो नॉकआउट आणि साधा भाऊ एकाच पिंजऱ्यात ठेवा. जंतूंमुळं आलेला फरक जनुकाच्या नावावर जायची भीती कमी होते.

साखर पाहायचा दिवस

नर ब्लॅक सिक्स सहा-आठ आठवड्यांचा घेऊन १२ ते १६ आठवडे चरबीवर ठेवतात. माद्या या वाणात चरबीला बऱ्याच तग धरतात, म्हणून लोक त्यांना वगळतात. मला ते पटत नाही. माद्या का तग धरतात, हाच मोठा प्रश्न आहे. दोन्ही घ्या, फक्त आकडे मिसळू नका.

ग्लुकोज टॉलरन्स, म्हणजे ग्लुकोज टोचून साखर किती झपाट्यानं उतरते ते पाहायची चाचणी, एकदाच शेवटी करू नका. सगळ्यात मोलाची चाचणी असते ती सुरुवातीची, दोन भावांची वजनं अजून सारखी असताना. वजनं फाकल्यावर साखरेत फरक आला तर तो जनुकाचा की नुसत्या चरबीचा, हे सांगता येत नाही. वजन सारखं असताना फरक आला तर जनुकानं थेट हात घातला आहे, असं म्हणायला जागा आहे.

त्या दिवशी सकाळी आठला फीड काढायचं आणि उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात हलवायचे, नाहीतर भुश्यातला निळा चुरा खाऊन ते मजेत असतात. पाणी ठेवायचं. रात्रभर उपाशी ठेवू नका. उंदीर रात्री जेवणारा प्राणी, रातभरच्या उपासात त्याचं वजन झपाट्यानं उतरतं आणि यकृतातला साठा संपतो. सहा तास पुरे.

दोन वाजता शेपटीच्या टोकाला सुईनं टोचा. पहिला थेंब पुसा, दुसरा पट्टीला लावा. हा शून्य मिनिटाचा आकडा. मग पोटात ग्लुकोज, आणि १५, ३०, ६०, ९०, १२० मिनिटांना पुन्हा थेंब. जखमेवरची खपली हलकेच पुसली तरी थेंब येतो, दरवेळी नवीन टोचू नका. शेपटी ओढू नका. पिळून काढलेल्या थेंबात अंगातलं पाणी मिसळतं आणि घाबरलेल्या उंदराची साखर चढते. म्हणून चाचणीआधी आठवडाभर रोज दोन मिनिटं उंदीर हातात घ्यायचे. आमच्या मामांच्या हातात उंदीर झोपतो. मुलांना मी आधी त्यांच्याकडं शिकायला पाठवते.

डोस किलोला २ ग्रॅम असा सरसकट दिला तर २५ ग्रॅमच्या उंदराला ५० मिलिग्रॅम जातं आणि ४० ग्रॅमच्याला ८०. पण त्या जादा १५ ग्रॅममध्ये बहुतेक चरबी, आणि चरबी ग्लुकोज फारसं उचलत नाही. बिचाऱ्याला ओझं जास्त, उचलणारे स्नायू तेवढेच. शरीरातली चरबी मोजायची सोय असेल तर चरबीविना वजनावर डोस द्या. नसेल तर सगळ्यांना सारखा डोस द्या आणि तसं लिहा.

इन्सुलिन टोचून साखर किती उतरते, ती चाचणी वेगळ्या आठवड्यात. शेजारी ग्लुकोजची सिरिंज भरून ठेवा. साखर फार खाली जाऊन उंदीर लुळा पडला तर आकड्यांची पर्वा न करता आधी ग्लुकोज द्यायचं.

ऊर्जा किती जाळली, हे मोजायची यंत्रं आमच्याकडं नाहीत, पण पेपर वाचताना एक गोष्ट बघा. समजा, २५ ग्रॅमचा उंदीर दिवसाला ११ कॅलरी जाळतो आणि ४० ग्रॅमचा १३. वजनानं भागलं तर ०.४४ आणि ०.३३. लगेच ‘लठ्ठ उंदराचा मेटाबोलिझम मंद’ असं लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात तो जास्तच जाळतो आहे, भागाकारानं उलटं दिसतं. चांगले पेपर भागाकार न करता वजनाचा परिणाम संख्याशास्त्रानं वेगळा काढतात.

कार्ड, टिकल्या आणि परवानगी

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एकही जोडी लावायची नाही. पिल्लांचा वरचा हिशेब त्या अर्जात पूर्ण दाखवा, मधल्या हेटेरोझायगस पिल्लांचं काय करणार तेसुद्धा. ज्यांचा प्रयोगात उपयोग नाही अशी पिल्लं जन्माला घालतो आहोत, त्याचं उत्तर आपण द्यायला बांधील आहोत.

कोणता उंदीर कुठल्या गटातला, हे साखर पाहणाऱ्याला ठाऊक नसावं. आमच्याकडं मामा कन्नड वाचतात, विद्यार्थिनी मराठीत टिपणं काढते, नोंदवही इंग्रजीत. एकदा कार्डावरचा शब्द कुणी तिसऱ्यानंच वाचला आणि एका पिंजऱ्यात तीन दिवस भलतंच फीड गेलं. त्या पिंजऱ्याचे आकडे मी गाळले. आता कार्डावर फीडसाठी टिकल्या चिकटवतो, गणपत गल्लीतून आणलेल्या साध्या कपाळाच्या टिकल्या. लाल म्हणजे जोडफीड, हिरवी म्हणजे चरबी. जनुकाची यादी माझ्या कपाटात कुलपात असते आणि शेवटचा थेंब मोजून झाल्यावरच उघडते.

माणसाकडं वळायची घाई करू नका. लेप्टिनच नसलेली दोन चुलत भावंडं १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी शोधली. पुढं लेप्टिन दिल्यावर अशा मुलांचं वजन उतरलं. उंदरानं माणसाला इतकं थेट दिलेलं उदाहरण विरळा. एरवी बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूरच असतं, आणि ते टोचून विशेष उपयोग होत नाही. आप्पांना आणि काकांना समजावणारं एकच जनुक कुठल्याही पिंजऱ्यात बसलेलं नाही.

निपाणीच्या पोरीनं जुनी वही बंद केली. परवानगीत दुरुस्ती मागितली, हेटेरोझायगस जोडपी लावली. गेल्या गुरुवारी पहिलं वेत झालं, सात पिल्लं, गुलाबी, पोटातलं पांढरं दूध कातडीतून दिसणारी. मामांनी कार्डावर तारीख घातली, कन्नड आकड्यांत. तिनं खाली मराठीत तीच तारीख लिहिली. कान टोचायला अजून सतरा दिवस आहेत.